दुसरा टेक

रंगाऱ्याच्या दुकानात उभ्या उभ्या जसमेल कौरनं स्वतःचा आवाज ऐकला, यात नवल काहीच नव्हतं. गेली बारा वर्षं तो आवाज मोहालीत तिला कुठंही गाठत असे. रिक्षात, औषधाच्या दुकानात, लग्नातल्या जेवणाच्या रांगेत. एकदा तर दात उपटून घ्यायला ती तोंड वासून खुर्चीत पडली होती, आणि बाहेर बाकावरच्या कुणाच्या तरी फोनमधून तीच म्हणत होती, ‘खाऊन निघ पुत्त, उपाशी पोटी दार ओलांडू नये.’ गाण्याच्या व्हिडिओत मुलगा परदेशी निघाला, तुरुंगात गेला, नाहीतर बंदूक घेऊन बांधावर उभा राहिला, की दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याच्या मध्ये वाद्यं थांबतात आणि आई चार वाक्यं बोलते. मग ढोल असा काही कोसळतो की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पडद्यावरच्या आया निरनिराळ्या असतात, कुणी चंदीगडची, कुणी मुंबईची, गोऱ्यागोमट्या, केसांना वरून पांढरं फासलेल्या. पण त्यांना खेड्यातली पंजाबी बोलता येत नाही. जसमेलला येते. म्हणून त्यातल्या निम्म्या आया जसमेलच्या गळ्यातून बोलतात. हे रंगाऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि सांगत सुटण्याचा तिचा स्वभावही नव्हता. पांढरी ओढणी त्याच्या हातात देऊन ती भिंतीवर टांगलेल्या नमुन्याच्या चिंध्या बघत होती. नणंदेच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. नणंद म्हणाली होती, तीन वर्षं झाली वहिनी, बास झालं आता पांढरं, आमच्याकडे तरी थोडा रंग घेऊन ये. रंगाऱ्यानं शेगडीवरच्या पातेल्यात काठी फिरवत विचारलं, “कुठला करू, बीबीजी?” आणि नेमकी त्याच वेळी डब्याला टेकवून ठेवलेल्या त्याच्या फोनमधली वाद्यं थांबली आणि जसमेल म्हणाली, ‘पुत्त, ऐक. तू ये. कागद जाऊ देत खड्ड्यात. ते दाराकडे तोंड करून झोपतात. मी कूस बदलून देते, तर परत दाराकडेच वळतात. मला एकटीला नाही रे पेलवत.’

मग ढोल कोसळला. जसमेलनं ओढणीचं टोक अजून धरून ठेवलेलं होतं, ते रंगाऱ्यानं दोनदा ओढून पाहिलं. हे वाक्य तिनं कुठल्याही गाण्यासाठी कधीही म्हटलेलं नव्हतं. पस्तीस वर्षं सरकारी शाळेत पंजाबी शिकवलेली बाई. म्हटलेला शब्द तिच्या डोक्यातून जात नसे, कुठल्या व्हिडिओत कुठलं वाक्य, त्या दिवशी घसा बसला होता की नव्हता, हेसुद्धा तिला सांगता आलं असतं. आता ऐकलेलं वाक्य तिचं होतं, गळा तिचाच, शेवटच्या ‘पेलवत’वर श्वास तुटतो तोही तिचाच, पण सुरुवातीचा ‘पुत्त’ मात्र दुसऱ्याच दिवसाचा होता. तो सर्दीतला होता. कुणीतरी कापून तिथं आणून चिकटवला होता. त्या जागी आधी काय होतं हे तिला ठाऊक होतं. जोत. तिच्या मुलाचं नाव. रंगारी काठी थांबवून सांगायला लागला, चार दिवस झाले हे गाणं येऊन, दिवसातून वीसदा लावतो, भाऊ दुबईत आहे ना त्याचा, आणि ही बाई बघा, काय काम करते, असं म्हणून त्यानं पडद्यावरच्या कुण्या नटीकडे काठीचं टोक दाखवलं. निळा थेंब फोनवर पडला. जसमेल बरं म्हणाली आणि रंग न सांगताच दुकानाबाहेर पडली. मागून त्यानं विचारलंसुद्धा, मग पुन्हा एकदा विचारलं.

बाहेर धुकं होतं, दुपारचे तीन वाजले होते तरी. बाजारामागच्या बागेतल्या बाकावर ती बसली आणि बाक ओला आहे हे बसल्यावर कळलं. म्हणजे मी म्हणाले होते. एवढं एकच वाक्य तिच्या मनात फिरत होतं. म्हणाले होते मी. तीन वर्षं जे खरं की मनाचे खेळ हे तिला कळेना, रात्री झोपेत येई आणि सकाळी हाताला लागत नसे, ते रंगाऱ्याच्या फोनवर वाजत होतं. तीन वर्षांपूर्वी बचित्तर सिंग, तिचा नवरा, पंजाबच्या सरकारी बसवर तीस वर्षं कंडक्टर राहिलेला माणूस, अकरा दिवस हॉस्पिटलात होता. पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं होतं, पोराला बोलवायचं नाही. जोत तेव्हा कॅनडात पाच वर्षं जुना झाला होता, ट्रक चालवत होता, कायम राहण्याच्या परवान्याचे कागद आत गेले होते आणि बाहेर पडला असता तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. बचित्तर म्हणाला, कंडक्टरचा पोर आहे, मधेच उतरला तर तिकीट वाया जातं हे त्याला शिकवलंय मी. आणि असं म्हणून तो दाराकडे तोंड करून झोपला. बोलवायचं नाही म्हणाला आणि दाराकडे बघत राहिला, अकरा दिवस. नर्स यायची, झाडूवाला यायचा, शेजारच्या खाटेचे पाहुणे यायचे, प्रत्येक वेळी त्याचे डोळे उघडायचे आणि मिटायचे. पुरुषाची जात अशी. तोंडानं एक सांगतात आणि डोळ्यांनी बायकोवर काम टाकतात.

सहाव्या दिवशी ती स्टुडिओत गेली होती. नवरा हॉस्पिटलात आणि बाई गाण्यातल्या आईचं रडू रेकॉर्ड करायला गेली, असं कुणी म्हणालंही असतं. शब्द दिलेला होता, नणंद खाटेपाशी बसली होती, आणि खरं सांगायचं तर दोन तास त्या डोळ्यांपासून सुटका हवी होती. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. औद्योगिक भागातल्या तळघरात हॅपीचा स्टुडिओ. हॅपी म्हणजे हरप्रीत, तिचाच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा. शुद्धलेखनात सदा नापास, पण वर्गात कविता वाचायला ती उभी राहिली की हा डोळे मिटून बसायचा. मोठा होऊन आवाजाच्या धंद्यात पडला आणि एक दिवस घरी येऊन म्हणाला, मॅडमजी, तुमच्यासारखी आई कुणाकडे नाही, फक्त चार वाक्यं बोला. तिथून हे सुरू झालं. तळघरात फोन लागत नसे, पण हॅपीच्या इंटरनेटवर कॉल यायचा, आणि तिथल्या काचेच्या खोलीइतकं शांत ठिकाण अख्ख्या मोहालीत नव्हतं. जोत नेहमी तक्रार करायचा, मम्मी, तुझ्याकडे गलका फार, ऐकू येत नाही. त्या संध्याकाळी दोन टेकच्या मध्ये त्याचा फोन आला. तिथं सकाळ होती, तो ट्रकवर निघायचा होता. बाहेर हॅपी कुणाशी तरी बोलत होता. ती माइकसमोरच बसलेली होती. मुलाशी निवांत बोलावं म्हणून तिनं काचेचं दार लावून घेतलं.

इथपर्यंत सगळं स्वच्छ आठवत होतं. पुढचं गढूळ. तिला आठवत होतं की ती म्हणाली, तू ये. आणि तो हसला. डायलॉग नको मारू मम्मी, म्हणाला आणि हसला. डायलॉग हा त्यांच्या घरातला जुना शब्द होता. जोत सोळा वर्षांचा असताना तिनं पहिल्यांदा आवाज दिला आणि मित्रांनी त्याचं जगणं नकोसं केलं. पोरं त्याला बघून गळा काढायची, पुत्त, खाऊन निघ. तेव्हापासून घरात ती जरा मनापासून काही बोलली, की बाप-लेक एकमेकांकडे बघायचे आणि म्हणायचे, झाला डायलॉग सुरू. विमानतळावर त्याला निरोप देताना काय बोलावं हे तिला सुचेना, कारण जे जे मनात आलं ते ते कुठल्या ना कुठल्या व्हिडिओत आधीच म्हणून झालेलं होतं. शेवटी ती म्हणाली, बॅगेचं कुलूप नीट लावलंस का. चांगली शिक्षिका, शब्दांत आयुष्य घालवलेली, आणि पोटच्या पोराला द्यायला तिच्याजवळ स्वतःचा असा एक शब्द उरला नव्हता.

बचित्तर अकराव्या दिवशी गेला. जोतनं बापाची चिता फोनवर बघितली, नणंदेच्या मुलानं फोन धरला होता. आठ महिन्यांनी कागद झाले, तेव्हा तो दोन आठवड्यांसाठी आला. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात, ती पोळीला तूप लावत असताना, तो दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, “तू एकदा ये म्हणाली असतीस, तर मी आलो असतो. कागद फाडून आलो असतो.” ती म्हणाली, म्हणाले होते मी. त्यानं मान हलवली. “नाही मम्मी. साधा ताप आहे, उतरेल, असं म्हणालीस. मला शब्दन् शब्द आठवतोय.” तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे बोलला आणि पोळी खाऊन उठला, आणि त्या दिवसापासून दोघांत एक फट पडली. फोन येत राहिला, रविवारी, नेमानं. थंडी किती आहे, जेवलीस का, जेवलास का, बीपीची गोळी घे. आणि जसमेलला हळूहळू स्वतःच्या आठवणीचा भरवसा वाटेना. बारा वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना ये म्हणत आलेली बाई. कशावरून हे ‘ये’ही तसलंच नसेल, मनातल्या मनात म्हटलेलं? कदाचित आपण खरंच म्हणालो नाही. कदाचित नवऱ्याच्या शब्दाबाहेर जायची हिंमत झाली नाही आणि मागाहून मनानं सोयीचं वाक्य लिहून घेतलं. मुलाला बापापासून तोडणारी आई आपणच. हे ओझं घेऊन ती तीन वर्षं पांढरी ओढणी धुवत होती. आणि आता अख्खा पंजाब ते वाक्य ऐकून डोळे पुसत होता, आणि ज्याच्यासाठी ते होतं त्याचंच नाव त्यातून कापून काढलेलं होतं.

बाकावरून उठून ती तशीच स्टुडिओत गेली. ओल कमरेपर्यंत चढली होती. हॅपी तिला बघून उभा राहिला, चहा मागवतो म्हणाला, गाणं किती चाललंय ते आकड्यांत सांगायला लागला. ती म्हणाली, आधी ते वाक्य कुठून आणलं ते सांग. तो गोंधळला. मग त्यानं खरं ते सांगितलं, आणि त्यात लपवाछपवी काही नव्हती हेच वाईट. त्याची पद्धत अशी, की एकदा माइक चालू केला की माणूस खोलीबाहेर जाईपर्यंत बंद करायचा नाही. लिहिलेलं वाक्य म्हणताना माणूस नीट म्हणतो. खरा उसासा दोन टेकच्या मध्ये निघतो. ते उसासे, हुंदके, पदराचा आवाज, घोट गिळल्याचा आवाज, सगळं तो साठवून ठेवी. मॅडमजींच्या नावाचा वेगळा कप्पा होता. नव्या गाण्याच्या दिग्दर्शकाला लिहून आणलेलं वाक्य पसंत पडेना, तेव्हा हॅपीनं कप्पा उघडला आणि त्याला हे सापडलं. वर त्यानंच तेव्हा लिहून ठेवलं होतं, ‘जादा, उत्तम’. “देवाशपथ मॅडमजी, मला वाटलं तुम्ही जोतचं नाव घेऊन तालीम करताय,” हॅपी म्हणाला. “मी बाहेरून काचेतून बघत होतो. तुमचा हात कानाशी होता, पण तुम्ही नेहमीच फोनच्या सीनला हात कानाशी धरता. मी मनात म्हटलं, काय बाई आहे, वाक्य दिलेलं नसताना असं बोलते. तेवढाच तुकडा घेतला, पुढचं ऐकलंच नाही.” तो हे कौतुकानं सांगत होता, आणि सांगता सांगता मध्येच त्याला कळलं. त्याचा चेहरा शेवटच्या बाकावरच्या पोराचा झाला. व्हिडिओ उतरवायला सांगतो म्हणाला, लगेच, आत्ताच फोन करतो. उतरणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. जे लाखो फोनांत गेलं ते कोण गोळा करून आणणार. जसमेलनं त्याला खाली बसवलं आणि सगळं ऐकव म्हणाली, न कापलेलं, पहिल्यापासून.

तिनं हेडफोन चढवले. या खोलीत ती शेकडो वेळा स्वतःला ऐकत आली होती, एखाद्या शिंपिणीनं आपलीच शिवण उलटून बघावी तशी, कुठं टाका सैल आहे एवढंच बघत. आधी खुर्चीची करकर, मग दार लावल्याचा मऊ आवाज, मग ती स्वतः, हॅलो जोत. आणि मग, बारीक, डब्यातून आल्यासारखा, फोनमधून पाझरून माइकपर्यंत आलेला जोतचा आवाज. तो आवाज या रेकॉर्डिंगमध्ये असेल याची तिनं कल्पनाच केली नव्हती. पापा कसे आहेत, तो विचारत होता. ती म्हणाली ते सगळं म्हणाली, ‘जोत, ऐक. तू ये.’ कागद, खड्डा, दार, कूस, पेलवत. जसं गाण्यात होतं तसंच, फक्त नावासकट, आणि मागं काही नाही. त्यावर जोत म्हणाला, “मम्मी, डायलॉग नको मारू. प्लीज. सरळ सांग, डॉक्टर काय म्हणाले?” तो हसला नव्हता. तीन वर्षं ते हसू तिनं कानात जपून ठेवलं होतं, त्याच्यावर राग धरायला तेवढंच तिच्याजवळ होतं, आणि ते तिथं नव्हतंच. पोरगा घाबरला होता. पंचवीस वर्षांचं पोर परक्या मुलखात थंडीत ट्रकपाशी उभं होतं आणि आईनं खरं बोलू नये म्हणून गयावया करत होतं. आणि मग काहीच नव्हतं. पडद्यावर हिरवी रेघ सपाट झाली. हॅपी यंत्राला हात लावायला गेला, तिनं त्याचं मनगट धरलं. आकडे पुढं सरकत होते. सात सेकंद. तिच्या श्वासाचाही आवाज नव्हता. आणि मग आली ती दुसरीच बाई, कोरडी, बेतशीर, छान मोजून मापून. ‘काही नाही रे. साधा ताप आहे. डॉक्टर म्हणतात उतरेल. तू कामावर जा.’

हे ऐकून तिला जे कळलं ते कळू नये असं होतं. या धंद्यात दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणतो, जास्त झालं मॅडमजी, कमी करा. आणि ती कमी करते. वाद घालत नाही, विचारत नाही, घोटभर पाणी पिऊन दुसरा टेक देते, म्हणून तर सगळ्यांना ती आवडते. जोत म्हणाला, डायलॉग नको, आणि तिनं त्याला दुसरा टेक दिला. नवऱ्याचा शब्द नव्हता तो, हिंमत कमी पडली असंही नव्हतं. ती सवय होती. सात सेकंदांत तिला पुन्हा म्हणता आलं असतं, जोत, हा डायलॉग नाही, तुझा बाप मरतोय. कुठलीही अडाणी बाई म्हणाली असती. धाय मोकलून, नाक ओढत, वाईट आवाजात म्हणाली असती आणि पोरगं पहिल्या विमानानं आलं असतं. पण जसमेलला वाईट आवाजात बोलता येत नव्हतं. खरं बोलणं इतकं सुरेख आलं की मुलाला ते खोटं वाटलं, आणि खोटं इतकं साधं आलं की त्यानं ते खरं मानलं. हॅपी खाली मान घालून बसला होता. “जोतला पाठवा हे,” तो म्हणाला. “कळू दे त्याला, तुम्ही बोलावलं होतं.” घरचं सगळं त्याला मागाहून कळलं होतं; तळघरात माणसं बोलतात. त्यानं ती चार मिनिटं तिच्या फोनमध्ये टाकून दिली.

तीन दिवस ती चार मिनिटं फोनमध्ये पडून होती. जसमेल भाजी निवडायची आणि हात पुसून फोन उघडायची. जोतचं नाव दाबायची, आणि मग बंद करायची. आपण निर्दोष आहोत याचा पुरावा माणसाला आयुष्यात क्वचित मिळतो, आणि तिला तो मिळाला होता. नणंदेला ऐकवता आला असता, गुरुद्वारात भेटणाऱ्या त्या शेजारणीला ऐकवता आला असता, जी म्हणाली होती, आजकालच्या आयांना पोरापेक्षा कॅनडा प्यारा. बाण मारावा तसा तो जोतला मारता आला असता. घे, ऐक, शब्दन् शब्द आठवतो म्हणत होतास ना. असं मनात येई तेव्हा तिला एक घाणेरडं सुखही होई, हे तिनं स्वतःशी कबूल केलं. पण दरवेळी सगळं बाजूला सारून तो ‘प्लीज’ ऐकू यायचा. तीन वर्षं जोत आईवर रागावून जगत होता. रागावर माणूस जगू शकतं, ट्रक चालवू शकतं, रविवारी फोन करू शकतं. ही चार मिनिटं त्याला दिली तर राग जाईल, आणि त्या जागी जे येईल ते घेऊन तो एकटा त्या बर्फाच्या रस्त्यांवर हजार हजार मैल जाणार होता. राग त्याच्याजवळ असू दे, दोष माझ्याजवळ राहू दे, असं ती म्हणायची, आणि पुढच्या घटकेला पुन्हा फोन उघडायची, कारण आई झाली तरी माणूसच ती. आपलं खरं एकदा तरी कुणी खरं म्हणावं, ही भूक तिलाही होतीच. मधल्या दिवशी रंगाऱ्यानं निरोप पाठवला, ओढणी घेऊन जा. रंग न सांगितल्यामुळं त्यानं ती रंगवलीच नव्हती. धुऊन, खळ घालून, घडी करून ठेवली होती, पांढरीच.

शनिवारी संध्याकाळी जोतचा फोन आला. रविवारचा माणूस शनिवारी कसा? तव्यावरची पोळी तिनं उतरवली, गॅस बंद केला. तो म्हणाला, काही नाही, सहज केला. थंडी उणे अठरा आहे म्हणाला. जेवलीस का म्हणाला. मग म्हणाला की रस्त्यात एका ठिकाणी दुसऱ्या पंजाबी ड्रायव्हरच्या गाडीत एक नवं गाणं वाजत होतं. त्यात आई बोलते. आवाज लगेच ओळखला.

“तूच ना, मम्मी?”

“मीच.”

“मी गाडीत येऊन बसलो आणि अर्धा तास इंजिन सुरू केलं नाही.” त्यानं विचारलं, “कुणी लिहिलं ते? दाराकडे तोंड करून झोपतात, ते?”

जसमेल बाहेरच्या खोलीत बचित्तरच्या खाटेवर येऊन बसली होती. खाट अजून तिथंच होती, दारासमोर. ज्या फोनवर मुलगा बोलत होता त्याच फोनमध्ये, तिच्या गालापासून बोटभर अंतरावर, ती चार मिनिटं होती. तिनं सांगितलं, आहे एक मुलगा, भटिंड्याकडचा, नवा आहे. जोत म्हणाला, त्याचा बाप गेला असणार. असेल, ती म्हणाली. मग दोन्हीकडे काहीच नव्हतं. ती मोजत होती, मोजायचं नाही असं ठरवूनही. पाच. सहा. सातच्या पुढं गेलं. या वेळी ती गप्प राहिली आणि बोलला तो जोत. लहानपणी ताप आला की गोष्ट सांग म्हणायचा, त्या आवाजात.

“मम्मी, एकदा मला म्हणून दाखवशील? गाण्यातलं. फक्त मला.”

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. हात कानाशी होताच. तिनं घसा साफ केला नाही, पाणी प्यायली नाही, पट्टी लावून बघितली नाही. समोरच्या बंद दाराकडे बघत ती म्हणाली, “जोत, ऐक. तू ये. कागद जाऊ देत खड्ड्यात. ते दाराकडे तोंड करून झोपतात. मी कूस बदलून देते, तर परत दाराकडेच वळतात. मला एकटीला नाही रे पेलवत.” मधे आवाज फाटला, एका शब्दावर नाक ओढावं लागलं, शेवटचा शब्द नीट उमटलाही नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती वाईट बोलली.

पलीकडे ट्रकांची घरघर होती. कुणीतरी हॉर्न दिला. जोतनं तिचं मन राखावं तसं हळू सांगितलं.

“चांगलं म्हटलंस. पण गाण्यात जास्त खरं वाटतं, मम्मी.”

“तिथं मागं सारंगी असते ना, पुत्त,” जसमेल म्हणाली.

“हां,” तो म्हणाला. “तेच असेल.”